माझी शंका ऐकून घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन मी आपल्याकडे आलो होतो. त्यानंतरच्या उन्हाळी हंगामात आपण माझ्यासाठी जे केलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, प्रवेशाचे दिवस आले की ओळखीचे पालक आणि त्यांची मुले मला ‘ॲग्रीला जावे का’ असे विचारतात आणि त्यांना उत्तर देताना मी बहुतेक वेळा आपलेच म्हणणे सांगत असतो. आपले नाव मात्र लिहीत नाही, कारण शाल-श्रीफळापासून आपण किती लांब राहता हे आपल्या विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कृषी पदवी ही माझ्यासाठी नाइलाजाची निवड नव्हती. सीईटीत गुण बरे होते, वडिलांच्या सातबाऱ्यामुळे मिळणाऱ्या जादा गुणांची त्यात भर पडली, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांची माहिती काढून मी पसंतीक्रम स्वतः भरला होता. शेतीचे शास्त्र शिकलो तर आमच्या कोरडवाहू जमिनीचे काहीतरी करता येईल, असे तेव्हा मनापासून वाटत होते. आई-वडिलांची इच्छा नेमकी उलट होती. मुलाने शेतीत पडू नये म्हणून ते मला शिकवत होते आणि मी शिकायला निवडली ती शेतीच. घरातला हा विरोधाभास पहिल्या वर्षी कोणाला बोचला नाही.

तो बोचू लागला २०२१ च्या खरिपात. ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेल्याच्या बातम्या येत होत्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि आमचे पीक मळणी होऊन बाजार समितीत पोहोचेपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. बियाणे, पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा यांवर मी ज्या टिपणवह्या भरत होतो त्यांतील एकाही पानाचा या घसरणीशी काही संबंध नव्हता. उत्पादन एकरी दोन क्विंटलने वाढले तरी दिल्लीतल्या एका अधिसूचनेने ते पाण्यात जाणार असेल, तर हे शास्त्र कशासाठी शिकायचे, हा माझा प्रश्न होता. दुसरीकडे वसतिगृहातली निम्मी मुले अभ्यासिकेत राज्यसेवेची पुस्तके घेऊन बसलेली असत. आमच्याकडे ‘ॲग्री’ हा पुष्कळांच्या दृष्टीने एमपीएससीकडे जाणारा रस्ताच आहे. त्यात गैर काही नाही, पण पदवीच्या विषयावर कोणाचाच भरवसा नाही असे चित्र रोज समोर असले की स्वतःचा भरवसा टिकवणे अवघड जाते. भूगोल घेऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावे आणि पुण्यात जाऊन क्लास लावावा, असे मी जवळजवळ ठरवले होते.

ज्यांना विचारले त्यांनी धीर दिला किंवा रागावले. मामा म्हणाले, आता मागे फिरू नकोस. एका सीनियरने, सगळ्यांनाच असे वाटते, म्हणून विषय संपवला. आपण यांपैकी काहीच केले नाहीत. अर्ज पूर्ण वाचलात, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारलीत (याचे मला तेव्हा फार आश्चर्य वाटले) आणि म्हणालात की, सत्राचे शुल्क भरलेलेच आहे तर परीक्षेपर्यंत हा अर्ज माझ्या कपाटात राहू दे, तू मागशील त्या दिवशी मी शिफारस करून देईन. अर्ज कपाटात गेला आणि घाई संपली. निर्णय कधीही घेता येईल हे कळल्यावर तो आजच घेतला पाहिजे असे वाटेनासे झाले.

त्यानंतर आपण जे बोललात ते मी आजही जसेच्या तसे इतरांना सांगतो. ‘भावाबद्दलची तुझी शंका बरोबर आहे आणि ती माझ्या विषयाने सुटणारी नाही. पण पदवीबद्दलची शंका वेगळी आहे आणि स्वतःबद्दलची त्याहून वेगळी. तू तिन्हींची मोट एकत्र बांधली आहेस.’ वनस्पती पैदासशास्त्र, म्हणजे पिकांचे नवे वाण घडवण्याचे शास्त्र, शिकवण्यात हयात घालवलेली व्यक्ती आपल्या विषयाची मर्यादा इतक्या सरळपणे सांगते, याचा माझ्यावर कोणत्याही प्रोत्साहनापेक्षा अधिक परिणाम झाला. भावाच्या प्रश्नासाठी आपण मला कृषी अर्थशास्त्राच्या सरांकडे पाठवलेत, आणि त्यांनी हमीभाव ज्यावर ठरतो तो ‘ए-टू अधिक एफएल’ खर्च (प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचे मोल) आणि शेतकरी संघटना ज्याचा आग्रह धरतात तो ‘सी-टू’ खर्च (त्यात स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याजही धरतात) यांतला फरक आमच्याच शेताचे आकडे घालून समजावला. वडिलांना फोन करून मी मजुरी, फवारण्या, मळणी, वाहतूक असा हिशेब मांडला, तेव्हा भाव आपल्या हाती नसला तरी खर्चातला काही भाग वाणावर अवलंबून असतो, हे प्रथमच कागदावर दिसले.

पदवीच्या शंकेसाठी आपण मला भेंडीच्या प्लॉटवर, संकराच्या कामावर घेतलेत. दुपारी चारनंतर, ऊन थोडे कलले की उद्या उमलणारी कळी ओळखायची, पाकळ्या न दुखावता ती उघडायची, स्त्रीकेसराभोवतीच्या नळीवरचे परागकोष चिमट्याने अलगद खरवडून काढायचे, बटर पेपरची पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलातले पराग लावून, पिशवी पुन्हा बांधून तारखेची चिठ्ठी अडकवायची. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते, त्यामुळे सकाळची वेळ चुकली की कालचे सगळे काम वाया जाते. हे मला प्रात्यक्षिकाच्या वहीने शिकवले नाही. प्लॉटवर वर्षानुवर्षे संकराचे काम करणाऱ्या मावशींनी शिकवले आणि आपण जाणूनबुजून बाजूला उभ्या राहिलात. माझ्या पहिल्या कळ्या बहुतेक गळाल्या. मावशींच्या हातच्या क्वचितच गळत. विद्यापीठाच्या वाणांमागे कोणाकोणाचे हात असतात, याचा उल्लेख आपण वर्गात नेहमी करीत होतात. तो शिष्टाचार नव्हता, हे तेव्हा कळले.

‘परभणी क्रांती’ची हकीकतही आपण तिथेच सांगितलीत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग पूर्वी ‘पुसा सावनी’ हा वाण सहन करीत असे, पण पुढे तोही बळी पडू लागला. मग मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी तिचा संकर करून ती प्रतिकारशक्ती लागवडीच्या भेंडीत आणली. अशा दूरच्या संकरातून येणारी रोपे बहुतेक वांझ निघतात, म्हणून पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करीत, निवडत पुढे जावे लागते. मी विचारले की आता तरी प्रश्न सुटला का. आपण नाही म्हणालात. अनेक ठिकाणी हा वाणही आता रोगाला बळी पडतो, म्हणून तर आपण इथे उभे आहोत, असे आपले उत्तर होते. संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात आणि तोवर विषाणू थांबून राहत नाही. हे ऐकून कोणाला निराशा वाटेल. मला मात्र प्रथमच या विषयात करण्यासारखे काही शिल्लक आहे असे वाटले.

राहिली स्वतःबद्दलची शंका. तिथे आपण अधिकच स्पष्ट होतात. संशोधनात जायचे तर एम.एस्सी.साठी जेआरएफ (प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची परीक्षा), मग पीएच.डी., मग नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), आणि एवढे करूनही विद्यापीठांतल्या जागा कधी भरतील याचा नेम नाही, हे आपण लपवले नाहीत. ‘मी कोणाला या वाटेला ओढत नाही, पण जे काम करायचे ते दिवसभर कसे दिसते हे बघून ये,’ असे सांगून आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे पाठवलेत. बँकेत कृषी अधिकारी असलेल्या दादांकडे पीककर्जाची प्रकरणे आणि वसुलीच्या भेटी पाहिल्या. जालन्याच्या बियाणे उद्योगात काम करणाऱ्या ताईंसोबत बीजोत्पादनाच्या शेतांवर फिरलो. परागांची सरमिसळ होऊ नये म्हणून दोन वाणांत ठेवायचे विलगीकरण अंतर मोजणे, भेसळीची झाडे फुलोऱ्याआधी उपटून काढणे, शेतकऱ्याशी कराराच्या दरावर हुज्जत घालणे, हे सगळे त्या एकाच दिवसात करीत होत्या. मला ते काम आवडले. का आवडले हे सांगता आले नाही, आणि आपणही विचारले नाहीत.

परीक्षेनंतर अर्ज मी परत मागितला नाही. आज मी बीजोत्पादनातच आहे, संशोधनात नाही, आणि आपल्या विभागात पुढे शिकलो नाही याची खंत आपण कधी दाखवली नाहीत, त्याबद्दलही आभार. सोयाबीनच्या भावाचा माझा प्रश्न सुटलेला नाही. वडील अजून तेच पीक घेतात आणि बाजार समितीत जाताना तेच बोलतात. माझ्यासोबतचे दोन मित्र राज्यसेवेतून निवडले गेले आणि एकाने तिसऱ्या वर्षी पदवी सोडून हार्डवेअरचे दुकान टाकले. त्यालाही आपण हवा तो कागद त्याच दिवशी दिला होतात, हे त्याने मला सांगितले आहे.

एक विनंती आहे. या खरिपात आमच्या भागात भेंडी आणि कापसाच्या बीजोत्पादनाची शेते आहेत. दुसऱ्या वर्षातले कोणी आपल्याकडे तसाच अर्ज घेऊन आले तर त्यांना आमच्याकडे जरूर पाठवा. राहण्याची सोय मी करीन, सकाळी सहाला शेतावर यावे लागेल एवढे त्यांना आधी सांगून ठेवा. मावशींना माझा नमस्कार सांगावा.

आपला विद्यार्थी