जुन्या बाजारातल्या स्लाइड्स

महोदय,

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला बिस्किटांच्या डब्यात ४३ स्लाइड्स, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले पारदर्शक फिल्मवरचे फोटो, मिळाल्या. धूळ झटकून एकेक स्कॅन केली. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मवरच्या स्लाइड्सचे रंग अजून टवटवीत आहेत, बाकीच्या जांभळट पडल्या आहेत. एकीत नऊवारीतल्या आजी पर्वतीच्या पायऱ्यांवर टेकल्या आहेत, मांडीवर तान्ही नात. पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीने एवढंच: ‘ताई, १९६८’. ही ताई आज साठीच्या आसपास असेल. आजीचा हा फोटो तिच्याकडे हवा, माझ्याकडे नव्हे. पर्वतीची दृश्यं मी ओळखीपाळखीत पाठवते. घरगुती चेहरे मात्र कुणालाच पाठवत नाही, ते त्या घराचे आहेत. घर आवरताना स्लाइड्स रद्दीत घालू नका. निदान चौकटीवर आडनाव आणि गाव तरी लिहून ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे