पाणी किती फुटांवर?

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय मनू,

काल तू खोडरबर घासघासून वहीचं पान फाडलंस आणि पुटपुटलीस, "संपलं. आता माझं काहीच व्हायचं नाही." चाचणीत 20 पैकी 14 पडले म्हणून. तिकडे माझं दूध उतू गेलं, कारण ते वाक्य माझं होतं. सिलिंडर संपला, बाबांना उशीर झाला, तुझा ताप उतरेना, की मी हेच म्हणते. संपलं.

2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली आणि आपण मिरजेला मावशीकडे जाऊन राहिलो. तेव्हापासून जरा आभाळ भरून आलं की मी विचारते, "पाणी किती फुटांवर?" 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या डोक्यात मात्र 20 लाच 57 झालेले असतात. तू क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर केलास की माझ्या मनात अपघात होऊन गेलेला असतो. तुझी मैत्रीण रुसली तेव्हा "आता तुला कोण विचारतंय" असं मी बोलून गेले, आणि तू दोन दिवस एकटीनं डबा खाल्लास. ते मी विसरलेले नाही गं.

तुला न सांगता मी एका समुपदेशक बाईंना भेटून आले. माझ्यासाठीच. त्या म्हणाल्या, ॲरन बेक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात उदास रुग्णांच्या विचारांतल्या अशाच खोडी टिपल्या होत्या: एका गोष्टीवरून सगळं ठरवायचं, थेट शेवटचं संकट बघायचं, समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवून मोकळं व्हायचं. घरातलं मोठं माणूस सतत असं मोठ्यानं बोलत राहिलं की पोरं ते बोलीसारखं उचलतात. पण सगळं खापर आईवर फोडू नका, असंही त्यांनी बजावलं. वयात आल्यावर मुलींमध्ये नैराश्य मुलांच्या जवळजवळ दुप्पट दिसतं. त्यात शरीर, झोप, मैत्रिणी, आनुवंशिकता असं बरंच काही असतं. तरी जिना उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, की सगळं माझ्यामुळेच. झाले की नाही पुन्हा 57!

तर यापुढे मी "संपलं" म्हटलं, की तू विचार, "आई, किती फुटांवर?" मी खरा आकडा सांगेन. तुलाही मी तेच विचारणार, चिडायचं नाही.

वहीचं पान चिकटपट्टीनं जोडून ठेवलंय. आणि रात्री झोप येत नसेल तर मला उठव. बहुतेक मी जागीच असेन.

तुझी,
आई