आईच्या औषधांची ती चौकट

ती. सौ. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आईची औषधं चुकून मोफत म्हणून घेतली गेली, त्याबद्दल हे पत्र. आधी सगळ्यात महत्त्वाचं. आई, तू एकही गोळी थांबवायची नाहीस. बी.पी.ची ॲम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन नेहमीसारखी, आणि डॉक्टरांनी या महिन्यात सुरू केलेली मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, सांगितली तशीच. ‘आधीचे पैसे भरायचे राहिलेत, तोवर नवीन औषधं कशी आणायची’ असं तुझ्या मनात आलं असेलच, मला माहीत आहे. ते काढून टाक. बी.पी.ची गोळी मध्येच सोडली की दाब पुन्हा चढतो, आणि चढलेला तुला जाणवणारही नाही. पैशांचं प्रकरण कागदावर मिटणारं आहे, आणि ते कसं मिटवायचं तेच खाली लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

चूक कुठून सुरू झाली ते मला स्पष्ट दिसतं. कार्डिफला तुम्हाला औषधांचे पैसे कधी कोणी मागितलेच नाहीत. वेल्समध्ये १ एप्रिल २००७ पासून प्रिस्क्रिप्शन सगळ्यांनाच मोफत आहे. उत्तर आयर्लंडने २०१० साली आणि स्कॉटलंडने २०११ साली तेच केलं. राहिलं एकटं इंग्लंड. लेस्टरला आल्यावर बाबांना पैसे पडले नाहीत, कारण त्यांची साठी उलटली आहे आणि जन्मतारीख कागदावर छापूनच येते, त्यामुळे त्यांना सहीसुद्धा करावी लागत नाही. आईची पिशवीही बाबाच आणतात. काउंटरवर ‘पैसे भरायचे का?’ असं विचारल्यावर बाबांनी ‘तिला डायबेटिस आहे’ म्हणून सांगितलं, चौकटीत खूण झाली, बाबांनी मागे सही केली. यात लबाडी कुठेच नाही. पण आईला ती सवलत नव्हती.

ती चौकट नीट बघा. हिरव्या प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला, किंवा फार्मसी छापून देते त्या कागदावर, मोफत औषधांची कारणं अक्षरांनी दिलेली असतात. ‘सी’ म्हणजे वय साठ किंवा जास्त. ‘ई’ म्हणजे वैद्यकीय सवलतीचं सर्टिफिकेट. ‘एफ’ म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेलं सर्टिफिकेट. आईसाठी ‘ई’वर खूण झाली. तिथे ‘मला मधुमेह आहे’ असं लिहिलेलं नाही. तिथे लिहिलं आहे की माझ्याकडे वैद्यकीय सवलतीचं चालू सर्टिफिकेट आहे. आजार असणं वेगळं आणि सर्टिफिकेट हातात असणं वेगळं. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, आणि काउंटरच्या पलीकडून मी तो रोज बघते. फार्मसीवाल्याने पुरावा विचारला नाही तरी जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि रुग्णावरच राहते. काउंटरवरच्या मुलीला दोष देऊ नका.

आईच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. सर्टिफिकेट ज्या आजारांसाठी मिळतं त्यांची यादी छोटी आहे आणि ती फार जुनी आहे. मधुमेह त्यात आहे, पण नुसत्या पथ्यावर सांभाळलेला मधुमेह नाही. औषध किंवा इन्सुलिन चालू असलं पाहिजे. थायरॉइड कमी असून त्याची गोळी रोज घ्यावी लागत असेल तर ते त्यात आहे. सतत औषध लागणारी फिट, ॲडिसनचा आजार, कर्करोग आणि त्याच्या उपचारांचे परिणाम, कायमच्या अपंगत्वामुळे कोणाच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता न येणं, असे आणखी काही. ब्लडप्रेशर नाही, कोलेस्टेरॉल नाही, दमासुद्धा नाही. दम्याच्या माणसाला साठी होईपर्यंत पंपाचे पैसे भरावे लागतात हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम आज तसा आहे. आई मेटफॉर्मिन सुरू होईपर्यंत पथ्यावरच होती, म्हणजे तोवर सर्टिफिकेट मागूनही मिळालं नसतं. ते सगळे महिने पैसे भरायचे होते.

आता मात्र चित्र बदललं आहे. मेटफॉर्मिन सुरू झाल्यामुळे आईला सर्टिफिकेटचा हक्क आला. तेव्हा या आठवड्यातच सर्जरीच्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर जाऊन ‘एफ.पी. ९२ ए’ हा फॉर्म मागा. आईने आपला भाग भरून सही करायची, आजाराची खात्री सर्जरी करते, आणि पुढे तो एन.एच.एस. बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे हे व्यवहार बघणाऱ्या संस्थेकडे, जातो. सर्टिफिकेट त्यांना फॉर्म मिळाल्याच्या तारखेच्या एक महिना आधीपासून लागू होतं. म्हणून उशीर करू नका. फॉर्म आठवडाभर टेबलावर पडला तर मागचाही आठवडा हातातून जातो. ते पाच वर्षं चालतं, पण आईला त्याआधीच साठ पूर्ण होतील आणि मग वयामुळेच पैसे पडणार नाहीत. एकदा मिळालं की ते फक्त मधुमेहाच्या गोळीपुरतं नसतं. ॲम्लोडिपिन, ॲटोर्व्हास्टॅटिन, उद्या एखादं अँटिबायोटिक दिलं तर तेही, सगळ्याला चालतं.

सर्टिफिकेट हातात येईपर्यंत मधल्या दिवसांत औषध घ्यावं लागलं तर पैसे भरा, आणि भरताना तिथल्या तिथे ‘एफ.पी. ५७’ पावती मागा. साधी दुकानाची पावती चालत नाही, आणि ही पावती नंतर गेलात तर देता येत नाही. सर्टिफिकेट त्या तारखेपासून लागू झालं की पैसे भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती दाखवून परत मिळतात. ‘अर्ज केला आहे’ एवढ्यावर ‘ई’वर खूण मात्र करायची नाही.

आता मागचं निस्तरायचं. फार्मसीत जाऊन आईच्या नावावर गेल्या काही महिन्यांत काय काय दिलं याची तारखांसह यादी मागा. एन.एच.एस. ॲपमध्येही बरंच दिसेल, पण फार्मसीची यादी सोयीची. त्यात या चालू महिन्याचं काही असेल तर तिथेच सांगा की खूण चुकून झाली, पैसे भरतो. फार्मसी आपले कागद पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवते, त्यामुळे ते अजून त्यांच्याकडेच असतील तर दुरुस्ती होऊ शकते. जे कागद निघून गेले त्यांचे पैसे फार्मसी घेऊ शकत नाही, तिथे हट्ट धरू नका. त्यासाठी ऑथॉरिटीला थेट फोन करायचा किंवा लिहायचं: आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता, एन.एच.एस. नंबर, औषधांच्या तारखा आणि नावं, कोणती चौकट भरली गेली, आणि साधं कारण की मधुमेह पथ्यावर असतानाही सवलत आहे असा समज झाला. पैसे भरायची तयारी आहे हे लिहा आणि कसे भरायचे ते विचारा. उगाच लांबलचक माफी नको. फोन केलात तर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आई फोनवर घाबरेल, म्हणून तिने सुरुवातीलाच ‘माझ्या वतीने माझे पती बोलतील’ असं सांगावं आणि मग बाबांनी बोलावं.

दर १ मे २०२४ पासून प्रत्येक औषधाला ९.९० पौंड आहे. औषध मोजतात, पाकिटं नाही. आईची दोन औषधं २८ दिवसांची येतात, म्हणजे वर्षाला तेरा वेळा, सव्वीस आयटम, २५७.४० पौंड. हा आकडा बघून दचकू नका, कारण खरं तर एवढे कोणी भरू नयेत. आगाऊ सर्टिफिकेट बारा महिन्यांचं ११४.५० पौंडांना मिळतं, आणि ते दहा हप्त्यांत ११.४५ पौंडांनी फेडता येतं. तीन महिन्यांचं ३२.०५ पौंडांना. वर्षाला बारा आयटम झाले, किंवा तीन महिन्यांत चार, की हे घेणं स्वस्त पडतं. ते एक महिना मागच्या तारखेपासूनही घेता येतं, त्याहून मागे नाही. आईला आत्ता ते लागणार नाही. पण साखर छान आटोक्यात आली आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद केली, तर वैद्यकीय सर्टिफिकेटवर तारीख शिल्लक असली तरी ते वापरायचं नाही. त्या दिवशी हे आगाऊ सर्टिफिकेट आठवा.

दंडाबद्दल खरं ते सांगते. ऑथॉरिटी सवलतीचे दावे नंतर तपासते. शंका आली तर आईच्या नावे चौकशीचं पत्र येतं, उत्तराला २८ दिवस असतात. उत्तर गेलं नाही किंवा सवलत सिद्ध झाली नाही की दंडाची नोटीस. मूळ रकमेच्या पाचपट किंवा १०० पौंड, यातला कमी तो दंड, शिवाय मूळ रक्कम. दोन औषधांच्या एका प्रिस्क्रिप्शनला १९.८० अधिक ९९, म्हणजे ११८.८०. आणखी २८ दिवसांत भरला नाही तर दंडाच्या निम्मी रक्कम वर चढते, इथे ४९.५०. म्हणून पत्र आलं तर ते फ्रिजवर लावून ठेवू नका, त्याच दिवशी उघडा आणि मला फोटो पाठवा. नुसता मेसेज आला आणि त्यात लिंक असली तर ती दाबू नका. कागदी पत्रावरचा संदर्भ क्रमांक असल्याशिवाय कुठेही पैसे भरायचे नाहीत.

हा दंड म्हणजे गुन्हेगारी नोंद नव्हे. जाणूनबुजून खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो तुमच्या बाबतीत लागू नाही. २००६ च्या एन.एच.एस. कायद्यात असंही आहे की आपण गैरहेतूने वागलो नाही आणि हलगर्जीही केली नाही हे दाखवलं तर दंड लागत नाही. मात्र निष्काळजीपणा नव्हता हे पटवावं लागतं, नुसतं ‘माहीत नव्हतं’ म्हणून भागेल असं धरू नका. तुम्ही आपणहून आधी लिहिलंत, तारखा दिल्यात, याचा कागद अशा वेळी उपयोगी पडतो. आई, तुला लाज वाटते आहे म्हणून हेही सांगते. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१९ साली तपासलं तेव्हा औषधं आणि दातांचे उपचार धरून २०१४ पासून ५६ लाख दंडाच्या नोटिसा गेल्या होत्या. त्यातल्या १७ लाख नंतर मागे घेतल्या, कारण त्या लोकांना खरोखरच सवलत होती. एवढी गुंतागुंतीची पद्धत आहे ही.

हक्क असूनही नोटीस येण्याचं एक कारण आपल्या घरात हमखास सापडेल, ते म्हणजे नाव. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे बाबांचं नाव जोडलेलं आहे, सर्जरीत नुसतं तिचं नाव आणि आडनाव, आणि पत्ता कदाचित अजून कार्डिफचा. तपासणी नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळवून होते. जुळलं नाही की सर्टिफिकेट असूनही ‘सापडत नाही’. सर्जरी, फार्मसी आणि एफ.पी. ९२ ए या तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर एकच नाव आणि लेस्टरचा पत्ता असू दे. फॉर्म भरण्याआधी हे करा.

बाबा, आता तुमच्यासाठी. पुढच्या महिन्यात तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे जाणार आहात. साठीनंतर औषधं मोफत आणि डोळ्यांची तपासणी मोफत, पण दात मोफत नाहीत. तिथल्या फॉर्मवर वयाच्या नावाने सवलत मागू नका. १ एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे तपासणीचे २७.४०, फिलिंग किंवा दात काढण्याचे ७५.३०, कॅप किंवा कवळीचे ३२६.७० पौंड होते, आणि दंडाचा नियम तोच. जाण्याआधी चालू दर विचारून घ्या. आईचं वैद्यकीय सर्टिफिकेटही दातांना चालत नाही. डोळ्यांचं मात्र उलट आहे. मधुमेह असला की, पथ्यावरचा असला तरी, एन.एच.एस.ची नजर तपासणी मोफत असते. ती आईने बिनदिक्कत करून घ्यावी, आणि रेटिनाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) फोटोसाठी बोलावणं आलं तर तेही चुकवू नये.

मंडळात कोणी विचारलं तर ‘युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाचा सरकारी भत्ता) मिळतं म्हणजे औषधं फुकट’ असं सांगू नका. तिथे मागच्या महिन्याच्या कमाईची मर्यादा असते, साधारण ४३५ पौंड, आणि मूल किंवा आजारपणाचा भाग जोडलेला असेल तर ९३५. तिच्यापुढे गेलं की तेही आपल्यासारखेच अडकतात.

फॉर्म सर्जरीत दिलात की मला तारीख कळवा, मी एका महिन्याचा हिशेब करून कोणत्या प्रिस्क्रिप्शनचे पैसे उरतात ते सांगते. भरायची रक्कम मी पाठवणार आहे, त्यावर वाद नको. आई, मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडलं तर स्वतःहून बंद न करता सर्जरीला फोन कर.

तुमची,
ताई