रसायनाआड लपणारी घाण

‘पूर्वीचे दूध निर्भेळ होते, टिकवण्याची रसायने ही आजची कीड’ हा रविवारच्या पुरवणीतील दूधभेसळीवरील लेखाचा सूर पटला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये दुधात फॉर्मलीन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) आणि बोरिक आम्ल (आपण कॅरमवर टाकतो तीच पावडर) सर्रास पडत असे. १९०१ मध्ये तेथील सरकारी समितीने दुधात असे काहीही घालण्यावर पूर्ण बंदी सुचवली. नियम व्हायला मात्र १९१२ उजाडले. तेव्हाही ३५ टक्के वा अधिक स्निग्धांशाच्या क्रीमला बोरिकची सवलत मिळालीच, फक्त डब्यावर तसे छापायचे. क्रीम आणि लोण्यातून ते हद्दपार झाले १९२८ मध्ये. व्यापाऱ्यांचा जोर तेव्हाही कमी नव्हता!

या बंदीमागे केवळ विषबाधेची भीती नव्हती. नासलेले दूध गिऱ्हाईक लगेच ओळखते. रसायन घातले की दूध नासत नाही, पण गोठ्यातली घाण आणि शिळेपणा तसाच पोटात जातो. आपल्याकडेही विक्रीच्या दुधात फॉर्मलीनला मनाई आहे; ते घालण्याची मुभा प्रयोगशाळेत जाणाऱ्या नमुन्यापुरती.

लेखातील कडक शिक्षेची मागणी रास्तच आहे. पण सकाळी काढलेले दूध उन्हातान्हात कॅनमध्ये तासन्‌तास पडून राहत असेल, तर फॉर्मलीनच्या बाटलीतल्या थेंबांचा मोह सुटणार कसा? गावोगावच्या संकलन केंद्रांवर शीतकरणाची सोय आणि कॅनची रोजची तपासणी आधी व्हावी.

– एक वाचक, मिरज