ताई, तुम्ही तिच्या 'खो'वर धावलात

प्रिय ताई,

समोर बोलायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून फक्कीची बादली उचलता आणि रेषा आखायला निघून जाता. म्हणून हे जाहीर पत्र.

लेकीला तुमच्याकडे खो-खो शिकायला आणलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी आधीच पोळलेली. त्याआधीच्या अकादमीत सगळं झकपक होतं. ट्रॅकसूट, किट, आगाऊ फी. पोर मात्र कडेला उभी. तिथले सर एक दिवस मला म्हणाले, "हिच्यात स्पोर्ट्सचं काही दिसत नाही हो." सहा वर्षांच्या पोरीत त्यांना काय दिसायला हवं होतं, देव जाणे! उरलेली फी परत द्यायची असते, हे मात्र त्यांना दिसलं नाही.

तुमच्याकडेही सुरुवातीला ती माझी ओढणी सोडेना. 'खो' द्यायची वेळ आली की घशातून आवाज फुटेना आणि मोठ्या मुली फिदीफिदी हसायच्या. तुम्ही तिला रागावला नाहीत, समजावतही बसला नाहीत. गळ्यातली शिट्टी काढलीत आणि तिच्याकडे पाठ करून स्वतः मैदानावरच्या चौकात उकिडव्या बसलात. "मला मागचं दिसत नाही बघ. तू खो दिल्याशिवाय मला उठताच येणार नाही." गुडघ्याला नी-कॅप असताना किती वेळ तशाच बसलात तुम्ही! शेवटी तिने पाठीवर हात टेकवून काहीतरी पुटपुटलं. "ऐकू नाही आलं!" मग जो 'खो' निघाला, तो फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेला असेल. आणि तुम्ही खरंच उठून जीव खाऊन पळालात. तिच्या एका शब्दावर मोठं माणूस धावलं हो!

आता बाद झाली की ती तणतणत नाही. बाजूला बसते आणि आत पळणारीला ओरडून सावध करते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल हवी म्हणते. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये खेळायला बंदी, मग ती मिळणार कुठे? मैदानावरच. लवकर सुरू करायचं ते एवढ्यासाठी, पदकांसाठी नाही, हे मी तुमच्याकडे शिकले. "इतक्यात खो-खोच असं ठरवू नका, पोहू दे, मल्लखांब करू दे," असं स्वतःच्या विद्यार्थिनीबद्दल सांगणारे शिक्षक किती असतात?

"खो-खो खेळून काय होणार?" असं विचारणारे नातेवाईक आहेतच. त्यांना २०२५चा पहिला विश्वचषक सांगते. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेवढ्यापुरते गप्प होतात. पण परवा शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हल्ली वर्गात मोठ्याने उत्तर देते," ते मला कुठल्याही चषकापेक्षा मोठं वाटलं.

येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं आहे. "त्यात काय एवढं" चालणार नाही.

तुमच्या सगळ्यात बारक्या खेळाडूची आई