बॅगा सांभाळणाऱ्यांनाही गाडीत बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्या पुरवणीत ‘सुट्टीत मुलांना कुठे न्याल?’ अशा धर्तीचे लेख येतात. मी ते आवडीने वाचतो, काहींची कात्रणंही जपून ठेवली आहेत. पण या लेखांत आई-वडील आणि आजी-आजोबा येतात ते तिकीट काढायला आणि सामान राखायला. यंदा त्यांच्या मौजेसाठीही जागा ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मध्य रेल्वेचा निवृत्त मोटरमन, राहणार कळवा. गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान १९८९ साली सुरू झालं. पुढे दोन-तीन वर्षांनी आम्ही मुलांना घेऊन गेलो. ठाण्याहून दादर, दादरहून बोरिवली, मग बस, मग खाडीतून लाँच. मी दिवसभर एका कट्ट्यावर बसून होतो, मांडीवर पिशव्या आणि पायाशी सगळ्यांच्या चपला. मुलं वरून हात करायची, मी खालून करायचो. मलाही त्या खेळांत बसावंसं वाटत होतं, पण बोललो नाही. बापाने बसायचं असतं असं कुणाला वाटतच नव्हतं, मलासुद्धा.

यंदा संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी आणि सौ. दोघंच खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात गेलो. खोपोली लोकल मी अनेक वर्षं नेली आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही नावं झोपेतही म्हणेन. पण स्टेशनबाहेरच्या चहापलीकडचं खोपोली कधी पाहिलं नव्हतं. जाण्याआधी डॉक्टरांना विचारलं होतं. अशा खेळांच्या फलकावर रक्तदाब, हृदय, पाठीचा मणका असं लिहिलेलं असतं ते उगाच नव्हे.

तिथल्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेत उभा राहिलो आणि माझ्याच धंद्यातलं काहीतरी बघतोय असं वाटू लागलं. कोस्टरचा मार्गही ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक टप्प्यांत, विभागलेला असतो. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडत नाहीत, अगदी आपल्या रेल्वेसारखं. फरक चाकांत. आपल्या गाडीचं चाक रुळावर टेकतं आणि आतल्या कडेच्या उंचवट्यामुळे रुळावर टिकतं. कोस्टरला वरून, बाजूने आणि रुळाच्या खालूनही चाकं असतात, म्हणून डबा उलटा झाला तरी रूळ सोडत नाही. गाडीला इंजिन नसतं. साखळीने वर ओढून नेतात, पुढचं काम उताराचं. पेनसिल्वेनियात १८२७ साली डोंगरावरचा कोळसा खाली आणायला असाच उताराचा लोहमार्ग केला होता. रिकामे डबे वर ओढणारी खेचरं खाली येताना गाडीत बसून यायची. पुढे त्याच मार्गावरून माणसं नुसती मजेसाठी फिरू लागली.

खांद्यावरच्या दांड्या अडकल्या, पायाखालचा फलाट सरकला आणि पाय लोंबकळू लागले. चढावर टिकटिक सुरू झाली तसा शेजारचा कॉलेजचा मुलगा डोळे मिटून बसला. मी म्हटलं, “बाळा, हा आवाज चांगला. डब्याखालचा खटका एकेका दात्यावर अडकत चाललाय. साखळी थांबली तरी गाडी मागे येणार नाही.” त्याने डोळे उघडले.

मोटरमनचा हात गाडी चालताना हँडलवर दाबलेला असतो. दाब सुटला की ब्रेक लागतो. तो हात दाबून मी ३१ वर्षं पुढचा सिग्नल आणि रुळांवरची माणसं बघत आलो. त्या चढाच्या टोकावर मी दोन्ही हात वर केले. गाडी धावत होती आणि मला कशाकडेही लक्ष ठेवायचं नव्हतं. मी पोटातून ओरडलो. खाली उतरलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, ते वाऱ्याचं नव्हतं.

सौ.च्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसली, साडी सावरून, दांडा धरून. थांबल्यावर म्हणाली, “अहो, अजून एकदा.” दोनदा नव्हे, तीनदा बसली.

आता तक्रार. आमच्याच भागातल्या एका बागेत छोटी रेल्वेगाडी आहे. तिथे आम्हाला सांगितलं, “काका, सोबत लहान मूल असेल तरच.” वजनाची मर्यादा असेल तर तसा फलक लावा, मी मुकाट्याने पाळीन. पण नातवंडं परदेशी असलेल्या माणसांनी कोणाचं मूल मागून आणायचं? बागांच्या व्यवस्थापनाने हा नियम काढावा, ही विनंती.

आणि आपल्या पुरवणीसाठी एवढंच. कोणत्या खेळाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, रांगेत सावली आणि टेकायला जागा आहे का, सामान ठेवायला लॉकर आहेत का, हे छापा. लॉकर मिळाला की कट्ट्यावरचा माणूस मोकळा होतो.

आपला,
एक निवृत्त मोटरमन, कळवा (जि. ठाणे)