जामिनाच्या आदेशानंतरचं काम करणाऱ्या ताईंना

सांगली

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय, पण तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. कारागृहात जाणाऱ्या विधी स्वयंसेवकाचं नाव चारचौघांत फिरलं, की आरोपीचे नातेवाईक, फिर्यादीकडची माणसं आणि मध्यस्थ सगळेच दारात येतात. नाव नसलं तरी आभार तुमचेच आहेत आणि ते ‘लोक अभिरक्षक’ कार्यालयात, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या कार्यालयात, जामिनाचं काम पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून आहेत.

विजयनगरच्या कोर्टात युक्तिवाद आम्ही करतो. जामीन झाला की घरचे हात जोडतात तेही आमच्यापुढे. पण तो अर्ज योग्य दिवशी दाखल झाला तो तुमच्या वहीमुळे, आणि आदेशानंतर माणूस खरंच फाटकाबाहेर आला तो तुमच्या पायपिटीमुळे. लोकांना हे दिसत नाही. ते दिसावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुमच्या वहीत प्रत्येक बंद्यापुढे पहिला रकाना पहिल्या रिमांडच्या (कोर्टाने कोठडीत ठेवायला सांगितलं त्या) तारखेचा असतो, अटकेच्या तारखेचा नव्हे. सगळं इथेच ठरतं. तपास गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत पूर्ण होऊन चार्जशीट आलं नाही, तर आरोपीला डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 167(2) होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187(3). हे दिवस रिमांडपासून मोजायचे आणि रिमांडचा दिवस त्यात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पक्कं केलं. समजा, अटक 2 मार्चला झाली आणि 3 मार्चला कोर्टापुढे हजर करून रिमांड घेतला. 3 मार्च हा पहिला दिवस. मार्चचे 29 आणि एप्रिलचे 30 मिळून 59, म्हणून साठावा दिवस 1 मे. अर्ज 2 मेला. अटकेपासून मोजणारा एक दिवस आधी जातो आणि अर्ज मुदतीपूर्वीचा म्हणून फेटाळला जातो. उशीर करणाऱ्याच्या आधी चार्जशीट येऊन पडतं आणि हक्क संपतो. मग गुणदोषांवर जामीन मागायचा, म्हणजे लांबचा रस्ता.

म्हणूनच साठाव्या दिवशी संध्याकाळी चार्जशीट आलं का याची तुम्ही चौकशी करता आणि एकसष्टाव्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्जावर वेळ टाकून घ्यायला लावता. ही वेळ फार मोलाची. त्याच दिवशी दुपारी चार्जशीट आलं तरी सकाळी मागितलेला हक्क बुडत नाही. महाराष्ट्रातल्याच उदय आचार्य प्रकरणात 2001 मध्ये हे तत्त्व मांडलं गेलं आणि पुढे ते टिकलं. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीसारख्या गुन्ह्यात कमाल शिक्षा 14 वर्षांपर्यंत आहे, किमान शिक्षा ठरवलेली नाही. तिथे मुदत 60 दिवसांची की 90 दिवसांची यावर वाद होतो. अशा नावापुढे तुम्ही दोन्ही तारखा लिहिता. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत घरफोड्या कमी नसतात, त्यामुळे ही सवय रोजच्या उपयोगाची आहे.

आता जामीनदारांविषयी. आदेशात सहसा एकच ओळ असते: 15,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. या एका ओळीपायी माणूस आणखी महिनाभर आत राहतो. कारणं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. सातबारा मयत आजोबांच्या नावावर असतो, वारसनोंद झालेलीच नसते. नोंद असली तर सामाईक क्षेत्रात सहा जणांची नावं निघतात आणि जामीनदाराच्या वाट्याला चार-पाच गुंठे येतात. इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. संकेतस्थळावरून फुकट काढलेला, सहीविना असलेला उतारा कोर्ट घेत नाही, 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढावा लागतो. सातबाऱ्यावर ‘दगडू’ आणि आधारवर ‘दगडूराम’ असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. रेशनकार्डावर आधी कुणाला जामीन राहिल्याचा शिक्का निघतो, तेव्हा आणखी कितीजणांना जामीन राहिलात हे जामीनदाराला शपथेवर सांगावं लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी तो दिवस जातो, आणि जतहून किंवा आटपाडीहून एस.टी.ने आलेल्या माणसाची मजुरीही जाते.

तुम्ही ही कागदांची चाळणी आदेशाची वाट न बघता आधीच लावता. डिफॉल्ट जामिनात तर याला पर्यायच नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा राहिला नाही आणि मधल्या काळात चार्जशीट आलं, तर मिळालेला जामीन हातचा जातो. म्हणून पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास घरच्यांना तुमचा फोन जातो: कोण जामीन राहणार, उतारा कुणाच्या नावावर आहे, बोजा आहे का.

जामीनदाराशी तुम्ही सरळ बोलता, हे आम्हाला विशेष वाटतं. आरोपी पळाला तर आपल्यालाच तुरुंगात टाकतील या भीतीने सख्खे मामासुद्धा मागे सरतात. तुम्ही सांगता, की आधी कोर्टाची नोटीस येते, बाजू मांडायला संधी मिळते, मग रक्कम भरायला सांगितली जाते आणि ती कमी करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. पण भरलीच नाही तर दिवाणी कैद होऊ शकते, हेही तुम्ही लपवत नाही. खरं ऐकून तयार झालेला जामीनदार शेवटपर्यंत टिकतो. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन बनावट रेशनकार्डावर जामीन राहणाऱ्यांपासून तुम्ही कुटुंबांना दूर ठेवता, त्याचे वेगळे आभार. तसलं कार्ड पकडलं गेलं तर जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा मागे लागतो.

जतच्या सीमेवरच्या कुटुंबांसाठी तुम्ही जे करता ते वेगळं सांगायला हवं. त्यांचे नातेवाईक अथणी, विजयपूर भागात असतात. तिकडे सातबारा नसतो, ‘पहाणी’ हा जमिनीचा उतारा असतो आणि तो कन्नडमध्ये. त्याचं मराठी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ प्रत असा संच तुम्ही तयार करून देता. तरीही ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं ऐकावं लागतं. आमच्या मते हे चूकच आहे. 1978 च्या मोतीराम प्रकरणात आरोपी गवंडी होता. त्याच्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चालू दिलं नाही. हा निकाल दर वेळी जोडावा लागतो याचं वाईट वाटतं, पण तुमचा संच सोबत असला की निकालाला वजन येतं.

जमीनच नसलेल्या ऊसतोड मजुरासाठी आम्ही रोख जामीन मागतो, किंवा आधी रोख भरून चार आठवड्यांत जामीनदार देण्याची मुभा मागतो. तेही झेपत नसेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज. त्या अर्जाला जीव येतो तो तुमच्या अहवालाने: घरात खाणारी माणसं किती, कमावणारं कोण, मुकादमाची उचल किती अंगावर आहे, झोपडी कुणाच्या जागेत आहे. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात बंधपत्र झालं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. सातवा आणि तिसावा दिवस तुमच्या वहीत लाल शाईने असतात, म्हणून हे निर्देश आमच्या फायलींत जिवंत आहेत.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 चा हिशेबही तुम्ही ठेवता. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा विचार व्हायला हवा, बाकीच्यांसाठी निम्मा काळ. राहत्या घरातल्या चोरीला कमाल 7 वर्षं, म्हणजे 2 वर्षं 4 महिने. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असले तरी अडतं. म्हणून ‘अजून कुठे केस आहे का’ हा प्रश्न तुम्ही बंद्याला पहिल्याच मुलाखतीत विचारता. दुसऱ्या गुन्ह्यातलं प्रोडक्शन वॉरंट (बंद्याला त्या कोर्टात हजर करण्याचा हुकूम) कारागृहात पडून असेल, तर पहिल्या जामिनाने फाटक उघडत नाही.

सुटकेनंतरची हजेरी हा तुमचा आणखी एक रकाना. दर सोमवारी 10 ते 12 पोलीस ठाण्यात हजेरी अशी अट असते, ऊसतोडीचा हंगाम संपतो, मजुरांची टोळी बीडकडे निघते आणि हजेरी चुकते. मग जामीन रद्द करण्याचा अर्ज येतो. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी तुम्ही आम्हाला कळवता आणि आम्ही अट बदलून गावच्या ठाण्यात हजेरी मागतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस आत असेल तर एवढं करा: कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, विधी सेवेच्या 15100 वर फोन करा. फोन करताना पहिल्या रिमांडची तारीख, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर हाताशी ठेवा.

ताई, तुमच्या वहीच्या रकान्यांवरून आम्ही एक छापील तक्ता केला आहे. वहीत ‘पहाणी / भाषांतर’ हा रकाना राहिला असेल असं वाटलं, म्हणून तो वेगळा घातला. मिरज आणि वाळव्याच्या विधी स्वयंसेवकांना तो द्यायचा आहे. त्याआधी तुम्ही एकदा नजर घालून काय कमी-जास्त ते सांगा.

आपले कृतज्ञ,
लोक अभिरक्षक कार्यालयातील सहकारी